वसईचा पाषाण

आमच्या वसईतील जुनी ख्रिस्ती माणसे चर्चला अद्यापही 'देऊळ'च म्हणतात. माझी आई रविवारी पहाटे लाल लुगडे नेसून देवळात जाते, देवळातली घंटा कानी आली की हातातले काम थांबवून क्रुसाची खूण करते, आणि पोर्तुगीज आडनाव पिढ्यान्‌पिढ्या वागवीत आलेल्या घरातील या बाईला आपल्या तोंडच्या त्या शब्दात काही विशेष आहे, असे कधीही वाटलेले नाही. गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातर्फे जुन्या गोव्याची यात्रा निघणार असल्याची सूचना मिस्सानंतर वाचून दाखविण्यात आली, तेव्हा तिने फादरांना विचारलेला पहिला प्रश्न असा होता, की "फादर, तिथं देवळं तरी किती?" फादर क्षणभर थांबून म्हणाले, "उभी आहेत ती सात-आठ, बाय. पडलेली मोजायची तर दिवस पुरायचा नाही."

या यात्रेला जाण्याचे आईला एक स्वतंत्र कारण होते. मी सहा वर्षांचा असताना विषमज्वराने अंथरुणाला खिळलो आणि वैद्य-डॉक्टरांनी मान हलविली, त्या रात्री तिने गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरला नवस बोलला होता, की पोर उठले तर त्याला तुझ्या पायांशी आणून घालीन. पोर उठले, शिकले, एका शाळेत मराठीचा मास्तर झाले, आणि आता निवृत्तही झाले. परंतु कधी भातकापणी, कधी बाळंतपण, कधी वडिलांचे आजारपण अशा एकामागून एक निघालेल्या सबबींमुळे तो नवस घराच्या जमाखर्चात वर्षानुवर्षे बाकी म्हणून पुढे ओढला जात राहिला. ब्याऐंशीव्या वर्षी ती बाकी फेडण्यासाठी ती निघाली आणि नवसाचे पोर म्हणून मी, पिकल्या केसांनिशी, तिच्याबरोबर निघालो.

वसई रोडहून रात्री निघालेल्या गाडीने पहाटे आम्हा चाळीसेक यात्रेकरूंना करमळीच्या स्टेशनावर उतरविले. तेथे आमची वाट पाहत उभे असलेले मार्गदर्शक हे एक वृद्ध गोमंतकीय गृहस्थ होते. त्यांनी इतिहासाचे अध्यापन केले होते, आणि त्यांची मराठी कोंकणीच्या हेलावर तरंगत येत असल्यामुळे पहिल्या वाक्यापासूनच ती आमच्या बायकांना जवळची वाटली. फादरांच्या हातात पितळेची एक लहान घंटा होती. पांगलेली मंडळी गोळा करण्याकरिता ती त्यांनी बरोबर घेतली असावी अशी माझी समजूत होती, पण चालू लागण्यापूर्वी त्यांनी तिचे प्रयोजन सांगितले. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर या गावी उतरला तेव्हा पोपचा प्रतिनिधी या नात्याने मोठ्या इतमामाने राहणे त्याला सहज शक्य होते. परंतु त्याने रुग्णांच्या निकट बिऱ्हाड केले, आणि हाती घंटा घेऊन तो या नगराच्या रस्त्यांतून मुलांना आणि गुलामांना साद घालीत हिंडू लागला. "आपण त्याच रस्त्यांनी जायचे," फादर म्हणाले, "आणि पायी जायचे. ज्यांना चालवणार नाही त्यांनी माझ्या हाताला धरावे." आईने त्यांचा हात धरला नाही, तिने माझा धरला.

वाटेच्या कडेला एक एकाकी कमान लागली. जांभ्या दगडाच्या भिंतीचा तो तुकडा, मागे-पुढे काही नसता, नुसता आकाशाला चौकट घालीत उभा होता. सेंट पॉल विद्यालयाच्या दर्शनी भागापैकी एवढेच काय ते उरले आहे. या विद्यालयात १५५६ मध्ये हिंदुस्थानातील पहिले मुद्रणयंत्र चालू झाले. या देशात छापील अक्षर प्रथम उमटले ते या कमानीच्या आत. माझ्यासारख्या, छापलेल्या पुस्तकावर जन्मभर पोट भरलेल्या माणसाला तेथून पाय काढणे जड गेले, आणि त्याहूनही जड गेले ते फादर थॉमस स्टीफन्स यांच्या स्मरणामुळे. १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात आलेला हा इंग्रज येशूसंघीय पुढे जन्मभर येथेच राहिला, साष्टीतील खेड्यापाड्यांतून लोकांची भाषा शिकला, आणि आपल्या प्रभूचे चरित्र त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांच्या मराठी पुराणात गुंफले. १६१६ मध्ये रायतूर येथे ते ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापून निघाले. त्या शतकात ते आणखी दोनदा छापले गेले, आणि तरीही त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांवर, मुख्यतः मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांनी जिवापाड जतन केलेल्या पोथ्यांवर. ज्या भाषेची थोरवी या परदेशस्थाने मनःपूर्वक गायिली, तीच भाषा सोडून प्रजेने पोर्तुगीज बोलावे असे फर्मान याच राज्याने १६८४ मध्ये काढले, ही गोष्ट वर्गात शिकवताना मी दरवर्षी एका वाक्यात उरकीत असे. त्या कमानीखाली उभे राहिल्यावर, ते वाक्य आपण फारच लवकर संपवीत होतो, असे मला वाटले.

येथून आम्ही मांडवीच्या धक्क्याकडे वळलो, कारण मार्गदर्शकांचा आग्रह असा होता, की या नगरात प्रवेश करावयाचा तो नदीच्या बाजूने, जुन्या काळी जहाजे जेथे लागत तेथूनच. व्हाइसरॉयांची कमान म्हणून ओळखला जाणारा दरवाजा तेथे आहे. नदीच्या अंगाला वास्को द गामाचा पुतळा, आणि आतल्या अंगाला खाली पाडलेल्या पुरुषावर पाय रोवून उभी असलेली एक स्त्री. विजयाचे इतके उघड शिल्प मी अन्यत्र पाहिलेले नाही. नवा व्हाइसरॉय येई तो या दरवाजातून प्रवेश करी, आणि येथून सुरू होणाऱ्या सरळ रस्त्याने, ज्याला 'रुआ दिरैता' असे नाव होते, प्रधान देवळाकडे जाई. या रस्त्याला सराफांच्या, जवाहिऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहण्याचे प्रयोजन नाही, अशी म्हण पोर्तुगालात रूढ झाली ती याच रस्त्याच्या वैभवावर. आम्ही त्या रस्त्याने चाललो तेव्हा दोन्ही बाजूंना माड होते, गवत होते, गवतात चरणाऱ्या गाई होत्या, आणि एकही घर नव्हते.

ही गोष्ट ध्यानात यावयाला थोडा वेळ लागतो. पंढरपूर म्हणा, नाशिक म्हणा, आपल्याकडील क्षेत्राचे गाव मंदिराला बिलगून वसलेले असते. देवाच्या दारापर्यंत दुकाने, वाडे, धर्मशाळा, माणसे. येथे देवळे राहिली आणि गाव नाहीसे झाले. पूर्वी एला या नावाने ओळखले जाणारे, विजापूरच्या आदिलशाहीतील हे भरभराटीचे बंदर अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणादिवशी, कायमचे जिंकून घेतले, आणि शंभर वर्षांच्या आत त्याचे पूर्वेकडील रोम झाले. त्याच्या नाशाला शत्रूची गरज लागली नाही. सखल, दलदलीची जमीन, विहिरींत झिरपणारे दूषित पाणी, पटकी आणि हिवताप यांच्या साथींवर साथी. व्हाइसरॉयांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस राहण्याची जागा पणेलीला हलविली, १७५९ मध्ये त्यांचा मुक्काम पणजीस गेला, आणि त्यांच्यामागून दरबार, कचेऱ्या, व्यापारी, कारागीर, सारेच गेले. सोडून दिलेल्या घरांचे चिरे लोकांनी पणजीच्या घरांसाठी उपसून नेले. १८३५ मध्ये संन्यासी संघ बरखास्त झाले, त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली, आणि मठही ओस पडले. आमच्यातल्या एका बाईने मार्गदर्शकांना विचारले, "मग इथं मिस्साला येतं कोण?" ते म्हणाले, "तुम्ही आलात ना."

संत कॅजेटनचे देऊळ आम्ही प्रथम केले. थिएटाइन संघाच्या इटालियन संन्याशांनी रोममधील संत पेत्राच्या देवळाचा आदर्श पुढे ठेवून, सतराव्या शतकात ते उभारले. घुमटाखाली उभे राहिले म्हणजे वरून येणारा प्रकाश इतका सम आणि सौम्य असतो, की माणूस आपोआप हळू बोलू लागतो. परंतु माझे चित्त तेथे लागेना, कारण आवारात शिरण्यापूर्वी वाटेत आम्ही काळ्या दगडाची एक चौकट पाहिली होती. दोन खांब, वर आडवा पाट, बाजूंना जाळीकामाचे अवशेष; आदिलशहाच्या राजवाड्याच्या दरवाजाचे एवढेच उरले आहे. या वाड्यात प्रथम व्हाइसरॉय राहिले, आणि ते बाहेर पडल्यावर, १५६० पासून, धर्मसमीक्षणाचे न्यायालय, ज्याला जग इन्क्विझिशन म्हणून ओळखते, त्याचा कारभार तेथे चालला. मध्यंतरीची थोडी वर्षे वगळता १८१२ पर्यंत तो चालू राहिला. नवख्रिस्ती झालेल्या माणसाने घरात तुळस लावली, लग्नात जुना विधी केला, आपल्या जुन्या रीतीचा पेहराव केला, एवढ्यावरही त्याची चौकशी होऊ शकत असे, आणि त्या चौकशीची अखेर तुरुंगात, गलबतांवरील वेठीत किंवा क्वचित चितेवर होई. पुढे इमारत जमीनदोस्त झाली आणि दप्तराचा बहुतांश नष्ट करण्यात आला. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ मध्ये या न्यायालयावर ग्रंथ प्रसिद्ध केला, तो उरल्यासुरल्या साधनांच्या आधारे.

या यात्रेत ही गोष्ट टाळून पुढे जाणे सोपे होते, आणि आमच्या मार्गदर्शकांनी ती टाळली असती तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. त्यांनी ती टाळली नाही. एवढेच नव्हे, तर ज्या संताच्या दर्शनाला आम्ही निघालो होतो त्यानेच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पाठविलेल्या पत्रात या न्यायालयाची मागणी केली होती, हेही त्यांनी, आवाज न चढविता आणि न उतरविता, आम्हाला सांगितले. मंडळींत शांतता पसरली. आईने माझ्याकडे पाहिले, आणि तिच्या नजरेत जो प्रश्न होता त्याला मजजवळ उत्तर नव्हते. फादरांनी त्या चौकटीसमोर आम्हाला पाच मिनिटे मूकपणे उभे केले, आणि जे येथे पीडले गेले त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी पीडले त्यांच्यासाठीही, 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणविली. तीत अपराधांची क्षमा मागणारी जी ओळ आहे, ती मी बालपणापासून हजारो वेळा उच्चारली असेन. त्या दिवशी ती म्हणताना माझी जीभ जड झाली.

तेथून प्रधान देवळात, म्हणजे से कॅथेड्रलमध्ये, जावयाचे होते. १५६२ मध्ये आरंभ झालेले हे काम १६१९ मध्ये पुरे झाले आणि १६४० मध्ये त्याचा अभिषेक झाला. अडीचशे फूट लांबीची ही वास्तू राजसत्तेच्या ऐश्वर्याला साजेशी व्हावी असाच संकल्प होता आणि तो सिद्धीस गेला, हे पाहताक्षणीच पटते. तिचे दोन मनोरे होते. १७७६ मध्ये एक कोसळला, तो पुन्हा बांधण्यात आला नाही, आणि त्यामुळे या भव्य वास्तूला एका खांद्याने वाकलेल्या माणसाची मुद्रा आली आहे; मला ती देखणी वाटली. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातील सर्वांत मोठी घंटा, तिच्या नादामुळे सुवर्णघंटा म्हणून वाखाणलेली, टांगलेली आहे. आत वेदीवर संत कॅथरिनच्या चरित्रातील प्रसंग कोरलेले आणि सोन्याने मढविलेले आहेत; परंतु आईचे लक्ष गेले ते दाराजवळच्या बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाकडे. तिच्या मनात येशूच्या कथेतील सगळे पाणी, यार्देन नदीचे आणि काना गावचे, याच एका कुंडात साठलेले असावे, अशा भक्तीने तिने त्याच्या काठाला बोटे लावली.

शेजारचे असिसीकर संत फ्रान्सिसचे देऊळ आम्ही लवकर पाहिले. पूर्वीच्या देवळाचा काळ्या दगडाचा कोरीव दरवाजा १६६१ च्या नव्या वास्तूत तसाच बसविलेला आहे, आणि खालची फरसबंदी थडग्यांच्या शिलांची आहे. उमरावांच्या ढाली, शिरस्त्राणे, लॅटिन अक्षरे यांवरून आम्हाला चालावे लागले. आमच्या बायका चपला हातात घेऊन, जणू झोपलेल्या माणसांच्या पायथ्याशी, अंग चोरून चालत होत्या. संत कॅथरिनचे छोटे देऊळ उतारावर आहे, अल्बुकर्कच्या विजयाच्या जागी. १५३४ मध्ये पोपने गोव्याला धर्मप्रांताचा दर्जा दिला तेव्हा या लहानग्या वास्तूला काही काळ कॅथेड्रलचा मान होता. आज ती इतकी एकांतात आहे, की आम्ही गेलो तेव्हा तिच्या पायरीवर एक मांजर उन्हाला पडले होते, आणि फादरांनी घंटा वाजवली तेव्हाही ते हलले नाही.

दुपार चढत होती तसे आम्ही पवित्र टेकडीवर, मोंते सांतोवर, चढलो. तिच्या टोकाला रोझरी मातेचे देऊळ आहे, बुटके, जाडजूड, किल्ल्याच्या बुरुजासारख्या गोल मनोऱ्यांचे. सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधलेले, आणि म्हणून येथील सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक. त्याच्या अंगणातून खाली मांडवी दिसते, आणि नदीपलीकडे दिवाडी बेट. मार्गदर्शकांनी हात लांब करून दाखविले, की त्या बेटावर कदंब राजांच्या कुलदेवतेचे, सप्तकोटीश्वराचे, मंदिर होते. १५४० नंतर तिसवाडीतील मंदिरे पाडण्यात आली तेव्हा तेही पाडले गेले. भक्तांनी लिंग नदीपार नार्व्याला नेले, आणि तेथील मंदिराच्या जीर्णोद्धाराची आज्ञा १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी दिली. देव घेऊन, रात्री होडीत बसून, नदी ओलांडणारी ती माणसे माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांच्यातील जी मागे राहिली, आणि ज्यांनी नवा धर्म घेतला, त्यांचीच नातवंडे आज या अंगणात रोझरीची माळ जपतात. आमचे पूर्वजही वसईला अशाच कोणत्यातरी नदीच्या अलीकडच्या काठावर राहिले असतील. 'देऊळ' हा शब्द तेवढा त्यांनी सोडला नाही.

टेकडीवरच संत ऑगस्टीनच्या देवळाचे अवशेष आहेत, आणि या संपूर्ण यात्रेत डोळे भरून आले ते मला येथे. १५९७ ते १६०२ या काळात बांधलेले, चार मनोऱ्यांचे हे देऊळ मठ ओस पडल्यावर काही वर्षांतच कोसळू लागले. १८४२ मध्ये छप्पर वेदीवर पडले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला, आणि आज राहिला आहे तो शेहेचाळीस मीटर उंचीच्या एका मनोऱ्याचा उभा चिरलेला अर्धा भाग. जॉर्जिया देशाच्या केटेवान राणीच्या अस्थी या भग्नावशेषांत होत्या. धर्म बदलण्यास नकार दिल्यामुळे १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून वध करण्यात आला. ऑगस्टीनच्या संन्याशांनी तिचे अवशेष गुप्तपणे गोव्यात आणून येथे पुरले. पुरातत्त्व विभागाच्या उत्खननात अस्थी सापडल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांची जनुकीय परीक्षा झाली, आणि २०२१ मध्ये त्या भारत सरकारतर्फे जॉर्जियाला सुपूर्द करण्यात आल्या. ज्या टेकडीवरून सत्तेच्या धाकाने पळविलेल्या देवांची वाट दिसते, त्याच टेकडीच्या पोटात, दुसऱ्या एका सत्तेच्या धाकापुढे न नमलेली राणी चारशे वर्षांच्या आसपास विसावली होती. हे दोन्ही एका ठिकाणी उभे राहून पाहण्याचा योग इतिहास क्वचितच आणून देतो.

या मनोऱ्यातील घंटा १८७१ मध्ये पणजीच्या देवळात नेण्यात आली, असे मार्गदर्शकांनी सांगितले, तेव्हा आमच्यातील एक म्हातारे शेतकरी एकदम बोलले, "आमच्याही घंटा अशाच गेल्या." मला त्यांचे बोलणे समजले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, किल्लेदाराला आणि शिबंदीला मानाने बाहेर पडण्याची मुभा दिली, आणि वसईतील देवळांच्या घंटा मराठ्यांच्या मुलुखात गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटा त्यांतलीच. भीमाशंकराच्या मंदिरापुढची त्यांतलीच. सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांना मी ती नारोशंकराची घंटा मोठ्या अभिमानाने दाखवीत असे, आणि अभिमान खोटा नव्हता. तो विजय माझ्या भाषेचा, माझ्या मुलुखाचा होता. पण त्या घंटेखाली जन्मलेली, तिच्या नादावर बाप्तिस्मा झालेली आणि लग्न लागलेली माणसे माझीच होती, हे सांगण्याचे मला त्या वर्गात कधी सुचले नाही. आज आमच्या किल्ल्यातील देवळांना छपरे नाहीत, भिंतींतून पिंपळ उगवले आहेत. वसईत जन्मलेल्या आणि १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झालेल्या संत गोन्सालो गार्सियाचा सण आम्ही त्या भग्न भिंतींतच, आकाशाखाली, साजरा करतो.

बोम जेझूचे देऊळ फादरांनी मुद्दामच शेवटासाठी ठेवले होते. आईने दिवसभरात दोनदा विचारले होते, की सायब, म्हणजे तिचा तो संत, कुठे आहे, आणि दोन्ही वेळा तिला थांबण्यास सांगण्यात आले होते. चार वाजण्याच्या सुमारास आम्ही त्या तांबड्या वास्तूपुढे येऊन उभे राहिलो. १५९४ मध्ये पायाभरणी होऊन १६०५ च्या मे महिन्यात अभिषेक झालेल्या या देवळाचा बाहेरचा गिलावा गेल्या शतकात काढून टाकण्यात आला, आणि त्यामुळे जांभा उघडा पडला आहे. पावसाळ्यात तो पाणी पितो, झिजतो, आणि तो पुन्हा लिंपावा की तसाच ठेवावा याविषयी जाणकारांत तीव्र मतभेद आहेत. माझे स्वतःचे मत लिंपावा या बाजूचे आहे, कारण बांधणाऱ्यांना हा दगड झाकायचा होता. परंतु त्या उतरत्या उन्हात ती भिंत जशी पेटली होती ती पाहून, हे मत मी कोणापुढे जोराने मांडू शकलो नाही.

आत, उजव्या अंगाच्या दालनात, संताची समाधी आहे. टस्कनीच्या ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोसिमोने पाठविलेली, फोज्जिनी या शिल्पकाराने दहा वर्षे खपून घडविलेली, १६९८ मध्ये येथे जोडून उभी केलेली ती संगमरवरी रचना, आणि तिच्या माथ्यावर गोव्याच्याच सोनारांनी १६३७ च्या सुमारास बनविलेली रुप्याची पेटी. चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी, जवळजवळ एकाकी स्थितीत, मरण पावलेल्या माणसाचा देह या पेटीत आहे. मार्गदर्शकांनी एक प्रसंग सांगितला. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने पलीकडचे जुवे बेट घेतले आणि नगर पडणार असे दिसू लागले, तेव्हा व्हाइसरॉयने शवपेटिका उघडवून आपला राजदंड आणि अधिकारपत्र संताच्या हाती ठेवले, आणि राज्य आता तूच सांभाळ, अशी विनवणी केली. थोड्याच दिवसांत मोगलांची फौज कोंकणात उतरल्यामुळे मराठ्यांना माघारी वळावे लागले, आणि गोव्याच्या लोकांनी त्यात संताचा हात पाहिला. मी तेथे उभा होतो, छत्रपतींच्या शौर्याचे धडे शिकवून म्हातारा झालेला मास्तर, आणि याच संताच्या नवसाचे पोर. आणि त्या नोव्हेंबरच्या रात्री मी नदीच्या कोणत्या तीरावर उभा असतो, हे मला ठरविता येईना.

दर दहा वर्षांनी होणाऱ्या महादर्शनाखेरीज पेटी खाली आणीत नाहीत. ती फार उंचावर आहे, आणि आई ठेंगणी आहे. तिला दिसली ती नुसती रुप्याची एक लकाकी. मी तिला म्हणालो, "आई, पोचलो आपण. नवस फिटला." तिने मान हलवली, मेणबत्ती लावली, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली, पण तिच्या चेहऱ्यावर, लांबून आलेल्या माणसाला यजमान घरात नसावा तशी, थोडी खिन्नता राहिली. आम्ही बाहेर आलो.

बाहेर मार्गदर्शक दर्शनी भिंतीच्या खांबांविषयी सांगत होते. तांबड्या जांभ्यात कोरीव काम टिकत नाही, म्हणून हे खांब, या पट्ट्या, वर दिसणारी येशूनामाची ती अक्षरे ज्यात कोरली आहेत ते सारे, काळ्या कठीण पाषाणाचे आहे. आणि तो पाषाण, ते आमच्याकडे पाहत म्हणाले, गलबतातून मुद्दाम वसईहून आणलेला आहे. आमची मंडळी एकाएकी पुढे सरली. चाळीस माणसांनी त्या दगडाला हात लावले. तो म्हातारा शेतकरी त्यावर बोटांची पेरे वाजवून पाहू लागला. आमच्या किल्ल्यातील देवळांच्या कमानींत हाच दगड आहे; त्या पडल्या, आणि त्याच खाणींतला, त्यांचा सख्खा भाऊ म्हणावा असा हा दगड, येथे एकही रेष न पुसता उभा आहे. आमची देवळे उभी असती तर कशी दिसली असती, ते आम्ही त्या क्षणी पाहत होतो.

आई खांबाच्या पायथ्याशी टेकली. तिने तळहात त्या दगडावर ठेवला; पश्चिमेकडे तोंड असल्यामुळे दुपारचे ऊन खाऊन तो चांगलाच तापलेला होता. "आपल्या बावखलाची पायरी अशीच आहे," ती म्हणाली. "तिच्यावर धुणं धुताना हा असाच तापायचा. तू तापात होतास ना, तेव्हा त्याच पायरीवर बसून मी सायबाला बोलले होते." एवढे बोलून ती गप्प झाली, आणि हात तिने उचलला नाही.

परतीच्या बसची वेळ झाली होती. फादरांनी मंडळी गोळा करण्यासाठी घंटा वर केली, आईकडे पाहिले, आणि घंटेचा लोळ मुठीत धरून ते तसेच उभे राहिले.